खिडकीवरची फळी

शालन गो,

तू जाऊन दोन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत तुला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही. खोटं कशाला बोलू? मासे साफ करताना रडून घ्यायचं आणि कामाला लागायचं, एवढंच मला येतं. पण काल तुझ्या मनीला घेऊन सावंतवाडीला गेले होते, तुला दाखवायचो त्याच डॉक्टरांकडे. तिथे जे ऐकलं ते पोटात ठेवून बसवत नाही. घरात सांगू कुणाला? तुझा नवरा बोटीवर. माझ्या नवऱ्याला निम्मं ऐकू येत नाही आणि निम्मं ऐकायचं नसतं. म्हणून मनीच्या वहीतलं पान फाडून लिहितेय. चौथी शिकलेलीच्या चुका काढत बसू नकोस.

मनीला तुझंच दुखणं लागलंय. पाऊस लागल्यापासून खोकते. परवा फोडणी घालता घालता भिंतीला टेकली आणि म्हणाली, "काकी, माज्या छातीत शिटी वाजता." माझ्या ओठांवर काय आलं असेल सांग? तेच! "खंय आसा धूर? दाखव माका!" जीभ चावली मी. तुला हे किती वेळा म्हटलं होतं गो?

गॅस आणला कुणासाठी? तुझ्यासाठी. चुलीच्या धुराने तुझा दमा उसळायचा म्हणून मी या दोघा भावांच्या मागे हात धुवून लागले होते. टीव्हीवर सुनामी दाखवत होते त्याच महिन्यात शेगडी घरात आली. चूल मी माझ्या हाताने फोडली. शेजारणी म्हणाल्या, "जाव मिळूची तर अशी!" मला केवढा ताठा चढला होता तेव्हा!

चूल होती तिथेच शेगडी मांडली. पूर्वेकडे तोंड करून रांधायचं, ही आपल्या घरची रीत. पण पाठीमागे समुद्राकडची खिडकी. ती उघडली की वारा थेट ज्योतीवर. दहादा पेटवायचं, दहादा विझायचं. सिलिंडर संपला की पुढचा कधी येईल याचा नेम नाही. माझं डोकं फिरलं. मोडक्या होडीची फळी आणली आणि खिडकीवर ठोकली. चार खिळे. कौलांखाली प्लास्टिक मारून घेतलं, तेही मीच. धूरच नाही तर भोकं हवीत कशाला?

तू तेव्हा म्हणाली होतीस. हळूच म्हणालीस, पण म्हणालीस. "वयनी, शेगडी त्या कोपऱ्यात हलवूया गो. थंय वारो लागाचो नाय, खिडकी उघडी ऱ्हवात."

तो कोपरा दक्षिणेच्या भिंतीचा. मी काय ओरडले ते वाडीने ऐकलं असेल. "दक्षिणेक तोंड करून रांधतंस? घरात कोण मेला काय?"

पुन्हा तो विषय तू काढला नाहीस. का नाही काढलास? मी बोलते तशी बोलते, हे तुला काय नवीन होतं? माझ्याशी भांडायचंस! मी बाजारात गेल्यावर फळी उखडून समुद्रात टाकायचीस! चार दिवस अबोला धरला असता मी, आणखी काय केलं असतं? पण गॅस तुझ्यासाठी आणलेला ना, मग त्याच्याविरुद्ध तू कशी बोलणार? मासे कापायचं निमित्त काढून तू दारात जाऊन बसायचीस. आणि मी आतून ओरडायचे, "दार लाव गो, गॅस विझता!"

पावसात आपण सुके बांगडे थेट ज्योतीवर भाजायचो, सगळं कोंडून. तुझी छाती भरली की मी तुला शेगडीजवळच बसवायचे, मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायचे. मायेने करत होते गो. हे सारखं आठवतं.

काल डॉक्टरांनी मनीला तपासलं आणि विचारलं, "स्वयंपाकघराला खिडकी आहे?" तुझ्या वेळीही त्यांनी हेच विचारलं होतं, आठवतं? मी पुढे होऊन शुद्ध भाषेत ठसक्यात सांगितलं होतं, "हो, आहे ना. चांगली मोठी आहे." डॉक्टरसमोर घराची लाज कशाला काढायची! तू माझ्याकडे नुसतं बघितलंस.

काल मात्र मी सांगितलं, "आहे. पण फळी ठोकलीय."

"कधीपासून?"

"गॅस आला तेव्हापासून."

तुझे जुने कागद मी सोबत नेले होते. ते त्यांनी उलटले. एका ओळीवर बोट ठेवलं. "इथे मी लिहिलंय, खिडकी आहे."

मग त्यांनी समजावलं. गॅसचा धूर दिसत नाही, पण ज्योत जळते तेव्हा तिच्यातूनही छातीला झोंबणारा वायू निघतो. तळणाभाजणाचा धूर वेगळाच. बाहेर जायला वाट नसेल तर सगळं माणसाच्या छातीत. मी विचारलं, "म्हणजे ती त्याच्यानेच गेली?" ते म्हणाले, "तसं मी म्हणणार नाही. दमा तिला आधीपासून होता. पण त्रास वाढला असणार."

वाढला असणार. या दोन शब्दांचं मी काय करू, सांग ना?

आज उजाडताच पहार घेतली. खिळे गंजलेले, फळी सहज निघेना. निघाली तेव्हा तिच्याखाली झाकलेली खिडकीकडेची भिंत पांढरी स्वच्छ, आणि आजूबाजूची तेलकट पिवळी. मग शेगडी हलवली. त्याच कोपऱ्यात. आमचे हे दारात येऊन बघत राहिले. "गे, ह्या काय? दक्षिणेक तोंड?"

मी म्हटलं, "आजून कोण मराक होयो तुमका?" हे मात्र त्यांना बरोबर ऐकू आलं. निघून गेले.

मनी खिडकीत बसून जेवली. खोकली दोनदा. लगेच काय बरी होणार नाही, औषध चालूच ठेवायचंय. पण वारा आत येत होता आणि ज्योत हलत नव्हती. एवढं सोपं होतं गो! तू सांगितलं होतंस तेवढंच.

माफी मागायला मला येत नाही, तुला माहीत आहे. एक शब्द देते तेवढा घे. तुझी मनी "त्रास होता" म्हणाली, की मी काही न विचारता हातातलं काम टाकून उठेन. "दाखव माका" हे तिला कधी म्हणणार नाही.

तुझी वयनी,
सुमती