खिडकीकडची पेटी

शनिवार, १८ जानेवारी
सकाळचे साडेदहा

प्रिय भुंग्या,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र घेऊन तुझे भावोजी दारात उभे दिसले की घाबरू नकोस. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. त्यांना आत घे, चहा दे. साखर अर्धा चमचा, ते दीड सांगतील. तुझं पत्र वाचून होईपर्यंत कारखान्यातून हलायचं नाही अशी ताकीद देऊनच त्यांना पाठवलं आहे. फोन का नाही केला म्हणशील, तर गेल्या दहा महिन्यांत चार वेळा केला. चारही वेळा तू 'हं' म्हणालास आणि फोन बायकोच्या हातात दिलास. कागदापुढे नुसतं 'हं' म्हणून तुझी सुटका नाही.

आधी चांगली बातमी. तू माझ्या निवृत्तीला केलेले स्पीकर मी पुन्हा मांडले. दहा महिने त्यांच्यावर चादर होती आणि चादरीवर भावोजींच्या कुंड्या होत्या. सोमवारी कुंड्या बाल्कनीत गेल्या, चादर धुवायला गेली. लाकडाला मऊ फडकं मारलं तर तुझं पॉलिश अजून जसंच्या तसं. ते चार तिरके पाय, तपकिरी विणीचं जाड कापड, कडेची पितळी पट्टी. आपल्या लहानपणीच्या वस्तूंना असायचा तो घरंदाजपणा या पेट्यांना आहे. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

तू त्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्यास, कारण भावोजींना बाल्कनीत जायला वाट हवी होती. वाटेचे लाड आता बंद. मी दोन्ही पेट्या भिंतीपासून हातभर पुढे ओढल्या आणि खालचे सूर घुमायचे ते तिथल्या तिथे सुटे झाले. दोन पेट्यांमध्ये सात फूट, आणि खुर्चीही दोघींपासून तेवढीच लांब. मग प्रत्येक पेटीच्या कपाळाला दोरा चिकटवून तो खुर्चीच्या पाठीपर्यंत ताणला आणि पेट्या आत वळवल्या. खडूच्या खुणा केल्या होत्या, भावोजींनी फरशी पुसताना त्याही पुसल्या. आता निळी चिकटपट्टी लावली आहे. मध्ये जाड सतरंजी घातली. काचेचं कपाट झोपायच्या खोलीत गेलं, कारण ढोलकी सुरू झाली की आतले पेले साथ करायचे. आता अंथरुणातून उठताना भावोजींचा गुडघा रोज त्या कपाटावर आपटतो. आपण या घरात पाहुणे आहोत आणि पेट्या घरमालक, असं ते म्हणतात.

पण काय सांगू भुंग्या, वाजतात काय! आपली ती नेहमीची चाचणीची तबकडी लावली, एक बाई आणि एक व्हायोलिन. बाई बरोबर मधोमध उभी. व्हायोलिनवाला तिच्या जरा मागे, दाराच्या अंगाला. ती ओळ सुरू करण्याआधी श्वास घेते तोसुद्धा मधोमधच.

आता हसू नकोस. हे सगळं ऐकून मला सांगायचं काम भावोजींनी केलं. होय, आमच्याच भावोजींनी, ज्यांना कुकरची शिट्टी आणि दाराची बेल यातला फरक कळायला वीस वर्षं लागली. मधल्या खुर्चीत त्यांना बसवलं, डोळे मिटायला लावले आणि बाई कुठे उभी आहे ते बोटानं दाखवायला सांगितलं. पहिल्यांदा बोट खिडकीकडे गेलं. मी खिडकीकडची पेटी दोन बोटं मागे सरकवली. मग दाराकडे गेलं. असं करता करता तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बोट अगदी मध्ये आलं आणि तिथेच राहिलं. मला वाटलं झोप लागली. पाहिलं तर डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

मी स्वतः का नाही ऐकलं, हे तू विचारणारच. सांगते. पण त्याआधी तुझ्या बायकोचा फोन आला होता ते सांगते.

तिच्यावर चिडू नकोस. गेल्या रविवारी मीच खोदून विचारलं तेव्हा ती बोलली. दहा महिन्यांत तू एकही पेटी केली नाहीस म्हणाली. लोकांच्या स्वयंपाकघरातली कपाटं करतोस, मापं घेतोस, बिजागऱ्या बसवतोस, आणि काम करताना गुणगुणत नाहीस. लहानपणापासून रंधा हातात घेतला की तुझा भुंगा सुरू व्हायचा, म्हणून तर तुझं हे नाव पडलं. तोच बंद झाला म्हणाली. आणि स्पीकरच्या वेटोळ्यांची तार गुंडाळायचं तुझं ते यंत्र घ्यायला येत्या गुरुवारी कोणीतरी येणार आहे. का विकतोयस असं तिनं विचारलं, तर तू म्हणालास, "मला खराब आणि चांगलं यातला फरक ऐकू येत नाही. ज्याला ऐकू येत नाही त्यानं स्पीकर करू नयेत."

तिनं हे सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी मी तुझ्या पेट्यांवरची चादर काढली.

आता लिहिते. दोनदा चहा केला, एकदा उगाच कपाटातला तो तुझा जुना स्वेटर घडी करून ठेवला. आता आणखी करण्यासारखं काही उरलेलं नाही.

तू पेट्या आणल्यास तो रविवार आठवतोय ना? मी मधल्या खुर्चीत बसले आणि लगेच म्हणाले, डावी, खिडकीकडची, बसकी आहे, तिचे वरचे सूर मेलेत. मागची फळी उघडलीस, आतला भोंगा काढून दुसरा बसवलास. पुढच्या खेपेला मी पुन्हा तेच म्हणाले. तू कापड बदललंस, जोड तपासलेस. बुधवारी पुन्हा तेच. मला आठवतंय, त्या दिवशी तू फळी लावताना एक स्क्रू तुझ्या हातातून तीनदा पडला.

गुरुवारी भावोजी बाहेर गेले होते. मी एकटीच होते. रेडिओ केंद्रात एकतीस वर्षं शिकाऊ पोरांना मी एक गोष्ट घोकून घ्यायला लावली होती. एक बाजू वाईट वाजली तर आधी पेट्यांची अदलाबदल करा, मग तोंड उघडा. ते मी स्वतः चार दिवसांत केलं नव्हतं. त्या दुपारी केलं. खिडकीकडची पेटी दाराकडे, दाराकडची खिडकीकडे. तरी बसका आवाज खिडकीकडूनच आला. म्हटलं, तार असेल. तारा बदलल्या. तोच प्रकार. म्हटलं, खोली असेल, पडदा असेल. पडदा काढून टाकला. तोच प्रकार.

मग मी खुर्ची उलटी फिरवली आणि पेट्यांकडे पाठ करून बसले. बसका आवाज दाराकडच्या पेटीत गेला. पेट्या जागच्या हलल्या नव्हत्या, फिरले होते ती मी.

दोष माझ्या डाव्या कानात आहे, भुंग्या. तुझ्या दोन्ही पेट्या निर्दोष आहेत आणि पहिल्या दिवसापासून होत्या.

इथे थांबले असते तर चूक झाली एवढंच राहिलं असतं, आणि चुका काय, माणसाकडून होतात. पण ते गुरुवारी झालं. तू आपली गिऱ्हाईकं घेऊन आलास तो शनिवार.

मला गुरुवारीच ठाऊक झालं होतं.

शनिवारी इथे आठ माणसं बसली होती. शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या होत्या. प्रत्येक नव्या घडणीच्या पेट्या आपण माझ्याच दिवाणखान्यात लोकांना ऐकवत आलो. तू उभा राहिलास, हात पुसलेस आणि माझी ओळख करून दिलीस. "ही माझी ताई. हात माझे असतात, कान हिचे. हिनं 'ऐकलं' म्हटल्याशिवाय माझी पेटी दाराबाहेर जात नाही." मग माझ्याकडे वळून विचारलंस, "काय ताई, कसं?"

आठ माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "डावी मेलेली आहे. पेटी तरी बदल, नाहीतर धंदा तरी बदल."

ते वाक्य तुझ्या कानात जसं आहे तसंच माझ्याही आहे. तू पेट्या इथेच ठेवून, चहा न घेता निघून गेलास. तिघांनी नोंदवलेली मागणी तिथल्या तिथे मागे घेतली.

का म्हणाले? खूप कारणं मी मनाशी रचून पाहिली, एकही टिकलं नाही. खरं सांगायचं तर भ्याले. नोकरी संपून पंधरा दिवस झाले होते. माझ्याकडे माझं असं एकच उरलं होतं, ते हा कान. त्या आठ जणांसमोर तो गेला असं म्हणण्यापेक्षा तुझी पेटी गेली असं म्हणणं मला सोपं वाटलं. लहानपणी तुला चिडवायला मी येताजाता म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. आणि वेळ आली तेव्हा अंगणावर खापर फोडून मी मोकळी झाले, तेही तुझ्या. मला फार लाज वाटते, भुंग्या. गेले दहा महिने रोज वाटते.

आता मी काय केलं ते ऐक. तुला माहीत आहे, रडत बसणं माझ्या स्वभावात नाही.

मंगळवारी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. डाव्या कानाचे वरचे सूर गेलेत, परत येणार नाहीत. उजवा अजून तरुण आहे असं त्या म्हणाल्या, त्यावर मी मान डोलावली. त्या संध्याकाळी भावोजींना सांगितलं. ते म्हणाले, "मला वर्षभर ठाऊक आहे, तू झोपताना उजव्या कुशीवर वळलीस की माझं घोरणं तुला चालतं." आणि एवढं होऊन त्या माणसानं मला एका शब्दानं टोकलं नाही.

बुधवारपासून त्या आठही जणांना एकेक करून फोन केला. काय घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, गुरुवारसकट. एकानं, त्या टक्कल पडलेल्या शिक्षकानं, मला चांगलं सुनावलं, आणि ते योग्यच होतं. मागणी मागे घेतलेल्या तिघांपैकी दोघांना पेट्या अजून हव्या आहेत. त्यांना मी काही शब्द दिलेला नाही. ते तुझं तू ठरव. हे पत्रही तुझं. वाटलं तर कारखान्यात दाराशी लाव. आल्यागेल्यानं वाचलं तरी माझी हरकत नाही.

एकच गोष्ट मी हक्कानं सांगते. यंत्र विकू नकोस. माझ्यावर राग धर, हवा तितके दिवस धर, 'हं' म्हणत राहा. पण तुला फरक ऐकू येत नाही हे खोटं आहे, आणि ते खोटं मी तुझ्या डोक्यात घातलं. पहिल्या रविवारी मी बोलण्याआधी तू त्या दोन पेट्यांसमोर उभा होतास आणि हसत होतास. तुझ्या कानानं तेव्हाच सांगितलं होतं, आणि खरं सांगितलं होतं.

बारा वर्षांत चौतीस जोड्या झाल्या आपल्या. प्रत्येक पेटीच्या मागच्या फळीवर, आतल्या बाजूला, मी पेन्सिलनं लिहीत आले, 'ऐकलं', आणि खाली तारीख. पस्तिसावी जोडी ही. काल मी दोन्ही फळ्या उघडल्या. आत तुझं काम बघितलं, डिंकाचा एक ओघळ नाही कुठे. पेन्सिल हातात होती, पण लिहिलं नाही. माझं 'ऐकलं' आता अर्धं आहे, ते तुझ्या पेटीवर घालण्याचा मला अधिकार नाही. फळ्या उघड्याच ठेवल्या आहेत. इथून पुढे 'ऐकलं' हे तुझ्या अक्षरात पडायला हवं, या जोडीवर आणि पुढच्या सगळ्यांवर.

भावोजींबरोबर आज आलास तर उत्तम. नाही आलास तर गुरुवारच्या आत ये. तू आल्याशिवाय कपाट परत दिवाणखान्यात येणार नाही, तेव्हा भावोजींच्या गुडघ्याची तरी दया कर. मधल्या खुर्चीत, या आठवड्यात भावोजी बसले तेवढे सोडले तर, आजवर मी कोणाला बसू दिलं नाही हे तुला ठाऊकच आहे. ती आता तुझी. मी तुझ्या डाव्या हाताला स्टूल घेऊन बसेन. तिथून माझा चांगला कान तुझ्याकडे राहतो, म्हणजे तू जे काही बोलशील ते मला नीट ऐकू येईल.

पेन्सिलीला टोक करून ठेवलं आहे.

तुझी चुकलेली,
ताई