बर्गेनची वरची खोली

निजामपुरा, बडोदे

चि. हेरंब यास नीरूआत्याचे आशीर्वाद.

तुझ्याकडून परत येऊन महिना झाला. शेजारच्या नयनाबेन भेटल्या की विचारतात, "मजा आवी ने?" मी तुमच्या बर्गेनचं बंदर सांगते, काठावरची जुनी तांबडी-पिवळी लाकडी घरं सांगते, कड्यावरून सरळ समुद्रात पडणारं पाणी सांगते. डोंगरावर तू जे विचारलंस, ते मात्र सांगत नाही.

त्या दिवशी पावसाने पायवाट निसरडी झाली होती. तू माझा हात घट्ट धरला होतास. वर पोचलो, खाली सगळं शहर दिसलं, आणि तू म्हणालास, "आत्या, एकटी कशाला राहतेस तिकडे? इथेच राहा. वरची खोली तुझीच."

मी पटकन म्हणाले, "छे रे, मला बडोद्याशिवाय करमायचं नाही."

वाटलं, तू पुन्हा विचारशील. तुझी आई गेल्यावर मीच तुला वाढवलं. दुसऱ्या पोळीलासुद्धा मी आधी 'नको'च म्हणते, आग्रह केला की घेते, हे तू रोज पाहिलं आहेस. विमानतळावर निरोप घेईपर्यंत मी वाट पाहिली. तू माझ्या शब्दाचा मान राखलास.

काल फोनवर तू सांगितलंस, की ती खोली शिकायला आलेल्या एका मुलीला दिली. "छान केलंस," मी म्हणाले.

हे पत्र पाठवलं, तर तू तिला दुसरी जागा बघायला सांगशील. म्हणून पाठवणार नाही.

तुझीच,
नीरूआत्या