तेरा तारखेपर्यंत

१३ मार्च, बुधवार
कुंदनचं तोंड बघायची इच्छा नाही. टीमचा सीनियर तो, अपॉइंटमेंटची सिस्टीम त्याचीच, आणि तिच्या तक्रारी ऐकायच्या मी.

सकाळीच डायलिसिस सेंटरमधून रवीचा फोन. महिन्याभरापूर्वी काउंटरवर लागलाय. "तीन नंबरचं मशीन बिघडलंय. अकरा ते तेरा तारीख बंद, असंच भरलंय मी. तरी तुमच्या सिस्टीमनं आज त्याच्यावर पेशंट दिला."

पेशंट म्हणजे फुलाबाई. सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या. बाकीची मशीनं भरलेली. फोनवर मागून त्यांचा आवाज येत होता – "मंग मी परत कवा येऊ?"

परत पाठवलं त्यांना.

१४ मार्च
सापडलं. 'पासून–पर्यंत'च्या तारखा सांभाळणारा कोडमधला क्लास, कुंदनने सात वर्षांपूर्वी लिहिलेला. शेवट 'तेरा तारीख' दिला की तो धरतो बारा आणि तेराच्या मधली रात्रीची बाराची वेळ. म्हणजे तेरा उजाडायच्या आतच कालावधी संपला! शेवटचा दिवस कायम गायब.

त्याला दाखवलं. स्क्रीनकडे न बघता म्हणाला, "सात वर्षं चाललंय. हात लावू नकोस."

"काल एक बाई परत गेली, सर."

"संजना, तुला इथे येऊन दीड वर्ष झालंय."

हे काय उत्तर झालं?

१५ मार्च
कुंदनने चहाला सगळ्यांना हाक मारली, मला नाही. नको तर नको.

१८ मार्च, सोमवार
कुंदन घरच्या पूजेला त्र्यंबकला गेलाय. बरं झालं.

क्लास नव्याने लिहिला. शेवटचा दिवस पूर्ण धरायचा, दुसरा दिवस सुरू झाला की थांबायचं. आधी कोडमध्ये अकरा ठिकाणी जो तो आपापल्या परीने तारखा ताडून बघत होता. आता सगळ्यांनी या एकालाच विचारायचं – ही वेळ तुझ्यात येते का? त्या दुसऱ्या कालावधीशी तुझी टक्कर होते का? एकोणतीस फेब्रुवारी, वर्षाचा शेवट, एकाच दिवसाचा कालावधी – सगळ्या टेस्ट पास.

पाच वाजता सेंटरच्या चालू सिस्टीमवर लाइव्ह केलं. कोणाला विचारलं नाही. विचारायचं कोणाला – त्याला?

२० मार्च
रवीच्या आधी काउंटरवर सावळीरामकाका होते. फेब्रुवारीत रिटायर झाले. जाताना मशीनांच्या वर्षभराच्या सर्व्हिसिंगच्या तारखा भरून गेले, प्रत्येक ठिकाणी शेवट एक दिवस पुढे ढकलून. शेवटचा दिवस सिस्टीम धरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आज रवी म्हणाला, "कुंदन सरांनीच सांगितलं होतं त्यांना."

पाच नंबरचं मशीन काल संध्याकाळपर्यंतच बंद असायला हवं होतं. काकांनी भरलेलं – वीसपर्यंत. माझ्या नव्या क्लासने वीसही धरली. मी लाइव्ह केल्याबरोबर सिस्टीमने त्या मशीनवरच्या आजच्या तिन्ही अपॉइंटमेंट रद्द केल्या, आपोआप मेसेज गेले. मला कळलं आज दुपारी.

दोघांना फोन करून बोलावता आलं. तिसरे देवळाली कॅम्पातले एक रिटायर्ड सुभेदार. फोन उचलत नव्हते. संध्याकाळी धाप लागली, आयसीयूत नेलं.

एक वाक्य होतं – "काका एक दिवस जास्त भरतात." कुंदनने मला एवढंच सांगायचं होतं. सांगितलं नाही त्याने. मीही विचारलं नाही.

२१ मार्च
सुभेदार अजून आयसीयूत.

सेंटरच्या डॉक्टर ऑफिसात आल्या. बसल्याही नाहीत. "हा बदल कोणी केला?"

कुंदन म्हणाला, "मी. संजनाचा यात काही संबंध नाही."

मी गप्प बसले.