उलटी चढणारी गाडी

डिलर्ड मेहुणे यांस,

तुझा दाजी अर्व्हिल याचा बसल्या जागेवरून नमस्कार. (उभ्याने करायला छातीत दम उरलेला नाही, तेवढं गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या बायकोचं पित्त उतरलं का? ओहायोत यंदा पाऊस रुसला असं ऐकलं. इथे नको तेवढा पडला आणि टेकडीवरची वाट निम्मी ओढ्यात गेली.

तुझं ईस्टरचं पत्र कपाटावर तसंच आहे आणि आता झाडांची पानं पिवळी पडायला लागली. उशिराबद्दल माफ कर. कारण असं की तुला काही कळवायची तुझ्या बहिणीने मला मनाई केली आहे. डेल्फीच्या पोटात जे वाढतंय ते आता काढण्यासारखं राहिलं नाही. शहरातल्या डॉक्टरने (पोरगेला आहे, पण बोलताना नजर चुकवत नाही) सांगितलं, बर्फ पडेपर्यंतचं धरून चाला, पुढचं धरू नका. फोन करावा तर फोन तिच्या खोलीच्या भिंतीला, आणि भिंत फळ्यांची. म्हणून गोठ्यात बसून लिहितोय. चौथीनंतर शाळेने मला सोडलं हे तुला माहीत आहेच, अक्षर लागेल तसं लावून घे.

तिचं म्हणणं एकच. तिला टेकडीवर पुरायचं, तुमच्या आईबाबांशेजारी आणि आमच्या लहानग्या नेलशेजारी. गावातल्या डांबरी रस्त्याकडेच्या स्मशानात नाही. मी हो म्हणून बसलो. हो म्हणायला काय जातं. पण रात्री हिशोब मांडला की वर नेणार कोण? पूर्वी सहा माणसं खांदा द्यायची आणि सहा बदलीला मागे चालायची. आता या खोऱ्यात धड सहा माणसं उरलेली नाहीत. निम्मी तुझ्यासारखी ओहायोला गेली, काही तुरुंगात आहेत, आणि बाकीचे माझ्यासारखे, छातीत कोळशाची भुकटी घेऊन घराच्या पायऱ्या मोजत चढणारे. ट्रक वाटेवर मावत नाही. शेजारच्या टॉलिव्हरचा ट्रॅक्टर त्या दोन खडकांच्या खिंडीत अडकतो. (तुझ्या बाबांचं खेचर जिथे हटून बसायचं तीच खिंड. अजून तेवढीच अरुंद आहे, खडक काही म्हातारपणाने वाळत नाहीत.)

तर गेल्या उन्हाळ्यात ते गोल्फचं मैदान बंद पडलं. तू गेल्यावरची गोष्ट आहे ती. पलीकडच्या डोंगराचं डोकं उडवून कोळसा काढला, उरलेल्या सपाटीवर गवत पेरलं आणि चेंडू मारायला माणसं येतील म्हणून वाट बघत बसले. आमच्याकडचा माणूस हातात काठी घेतो ती साप मारायला. शेवटी त्यांनी मैदानात फिरायच्या छोट्या गाड्या विकायला काढल्या आणि पेट्रोलवर चालणारी एक मी घरी आणली. दोन माणसं बसतात, मागे चेंडू मारायच्या छड्यांच्या पिशव्या ठेवायला जागा, वर शामियान्यासारखं छप्पर. डेल्फी ओसरीवरून म्हणाली, "म्हाताऱ्या, हे काय आणलंस? आइस्क्रीम विकणार आहेस का?" मी म्हटलं, सरपण वाहायला. ती म्हणाली, "सरपणाची लांबी किती धरली आहेस?" तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, डिलर्ड.

टॉलिव्हर आणि मी कामाला लागलो. छप्पर काढलं. गाडी वीतभर उचलली, म्हणजे पोट दगडाला लागू नये. खाली दातेरी मोठी चाकं घातली, मागच्या स्प्रिंगांना जादा पाटे जोडले, मागची पेटी कापून तिथे ओकच्या फळ्यांचा सपाट माचा ठोकला. आता मोठं चाक घातलं की गाडी ऐटदार दिसते पण तिचा जोर कमी होतो, हे आम्हाला चाकं घातल्यावर कळलं. टॉलिव्हर म्हणाला, वेगाला लगाम घालणारा तो भाग मोकळा करू. केला. तर सपाटीवर गाडी कोंबड्यांतून तोफेच्या गोळ्यासारखी गेली आणि चढावर होती तेवढीच मेंगळट राहिली. परत लगाम घातला आणि टॉलिव्हरच्याच एका मोडक्या गाडीची जादा जोराची दातेरी चक्रं आतमध्ये बसवली. त्याने ती रांगत का होईना चढायला लागली. ब्रेकचं मात्र काही जमेना. ब्रेक फक्त मागच्या चाकांना, तेही बारक्या चाकांच्या मापाचे. उतारावर पाय दाबला की गाडी विचार करते, मग थांबते. मी या ब्रेकपायी जेवण टाकलं. तर तुझी बहीण घेवड्याचं कालवण आणि मक्याची भाकरी पुढे सरकवून म्हणाली, "ब्रेकचं काय घेऊन बसलास? मी कुठे खाली येणार आहे?"

पहिली चाचणी आम्ही पोत्यांवर घेतली. टॉलिव्हरने फळ्यांचा लांब खोका केला, त्यात गुरांच्या भरड्याची पोती डेल्फीच्या वजनाच्या बेताने रचली, छातीकडे जास्त, पायाकडे कमी. खोका माच्यावर ठेवला तर निम्मा मागे बाहेर. तुझी थोरली बहीण ओशी काठी टेकत देखरेखीला आली होतीच. (ती बोलावल्याशिवाय येते आणि सांगितल्याशिवाय जात नाही, तुला मी काय सांगू.) ती म्हणाली, पाय पुढे, डोकं मागे, मढं घरातून तसंच निघतं. ठेवलं तसं. पण मग सगळं वजन मागच्या बाजूला लोंबायला लागलं. पुढचं तोंड खाली राहावं म्हणून पाद्री एल्झीला गाडीच्या नाकाडावर बसवला. देवाच्या कामाला त्याचं वजन पहिल्यांदाच उपयोगी पडत होतं. खिंडीपर्यंत बरं गेलं. तिथे चढ उभा राहिला तशी गाडीही उभी राहिली. पुढची चाकं हवेत, पाद्री आकाशाकडे तोंड करून हात पसरलेला, आणि मागून खोका सुटला तो घसरत सरळ ओढ्यात. एल्झीने खाली उतरून आधी कपडे झटकले. मग म्हणाला, "अर्व्हिल, मी तयार आहे असं आयुष्यभर सांगत आलो. तितकासा नाही."

मी ओढ्याच्या काठावर बसून राहिलो. लोक हसत होते आणि मला तो फुटलेला खोका दिसत होता. पोतीच होती, हे मला कळत होतं. तरी मी खाली उतरून भिजलेला भरडा हाताने गोळा करत होतो आणि टॉलिव्हर माझी कॉलर धरून मला वर ओढत होता.

मग आम्ही डोकं सीटकडे आणि पाय मागे असा नवा खोका ठेवला. जड बाजू गाडीच्या मध्यावर आली आणि गाडी शहाण्यासारखी चढायला लागली. पण ओशी वाटेत आडवी उभी राहिली. म्हणाली, "डोकं पुढे ठेवून नेलंस तर ती सगळा रस्ता घराकडे बघत जाईल, आणि जी घराकडे बघत जाते ती घरातल्या कुणाला तरी हाक मारते. आजीच्या वेळी असंच झालं, महिन्यात आजोबा गेले." मी म्हणालो, मारू दे हाक, माझी काही हरकत नाही. हे मी हळू म्हटलं होतं. पण डेल्फी ओसरीवरून ओरडली, "ओशी, उगीच घाबरवू नकोस त्याला. जन्मभर जेवायला हाका मारल्या तेव्हा हा कधी आला नाही. मेल्यावर मारली तर कसला येतोय."

ओशी काही हटेना. ती रडत होती, डिलर्ड. तिला रडताना मी तरी प्रथमच पाहिलं. तिच्या मनात गाडीबिडी काही नव्हतंच, धाकटी बहीण आपल्याआधी जाते हेच तिला कुठेतरी अडवायचं होतं. शेवटी डेल्फीनेच तोड काढली. म्हणाली, "खिंडीत खेचर अडलं की बाबा काय करायचे? तोंड फिरवून उलटं चालवायचे. गाडी उलटी घाला. पाय पुढे राहतील आणि गाडीही उभी राहणार नाही." महिनाभर नटबोल्ट फिरवणाऱ्यांना सुचलं नाही ते हिला पांघरुणात बसून सुचलं.

आता अडचण अशी की ही गाडी मागे जाताना भोंगा वाजतो. गोल्फवाल्यांची सोय. मी तार तोडायला निघालो तर डेल्फी म्हणाली, राहू दे, आईला कळेल तरी मी येते आहे ते. आणि वर म्हणाली, पोत्यांवर माझा भरवसा नाही, चाचणीला मीच बसते. नाही म्हणून पाहिलं. तुझ्या बहिणीला नाही म्हणून पाहिलेला माणूस तूही आहेस. स्वयंपाकघरातली खुर्ची माच्यावर बांधली, तिला दोरीने खुर्चीला बांधली, मांडीवर गोधडी दिली. तोंड टेकडीकडे, पाठ माझ्याकडे. तिची मान किती बारीक झाली आहे ते मला तेव्हा मागून दिसलं. भोंगा किरकिरत आम्ही उलटे निघालो.

आणि इथे माझी मान आडवी आली. खाणीत छत कोसळलं तेव्हापासून ती वळत नाही, हे तुला ठाऊक आहे. टॉलिव्हरने न्हाणीघरातला आरसा बसवला होता. आरशात डावं ते उजवं. ती म्हणे डावीकडे, मी वळे उजवीकडे. "दुसरं डावं, म्हाताऱ्या." खिंड दिसायला लागली तसा मी पुन्हा चुकीच्या बाजूला वळलो. मागचं एक चाक कडेवरून खाली उतरलं आणि गाडी कलली, तिची खुर्ची दरीवर लोंबली. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "पाय ब्रेकवरून काढू नकोस. मी पुढचं छान बघते आहे." टॉलिव्हर आणि एल्झी साखळी घेऊन येईपर्यंत मी त्या ब्रेकवर माझा सगळा जन्म दाबून बसलो होतो. टेकडी तिथून दिसते, पण नेलच्या थडग्याचा दगड दिसत नाही. तिने मान लांब करून पाहिलं. नाही दिसला.

तिथूनच परत फिरलो, आणि तेव्हापासून ती अंथरुणात आहे. गाडी गोठ्यात आहे, माझ्यासमोर. बाकी सर्व ठीक.

तुझा दाजी,
अर्व्हिल

ता. क. पत्र का लिहिलं ते लिहायचंच राहिलं. तू जन्मभर लांबलचक ट्रक उलटे घेऊन गोदामांच्या दारांत घातलेस. तुझी मान वळते. टॉलिव्हरला मोतीबिंदू, एल्झी त्या दिवसापासून गाडीकडे बघत नाही, आणि माझ्या हातून पुन्हा ते होणार नाही. मला सहा माणसं नकोत, डिलर्ड. उलटा चालवणारा एक हवा.

ता. क. दुसरा. आत्ता आत गेलो तर तिने विचारलं, गोठ्यात काय लिहीत होतास. मी म्हटलं, बियाणं मागवतोय. ती म्हणाली, "बियाणंवाल्याला लिही, यायचं तर मी जायच्या आधी ये. मला एकदा नेलपर्यंत नेऊन आण, खुर्चीवर बसवून. मग दुसऱ्यांदा नेशील तेव्हा तुला वाट पाठ असेल, कारण तेव्हा तू रडत असशील आणि रडणाऱ्याला मागचं दिसत नाही." ब्रेक मी पुन्हा आवळायला घेतले आहेत, कारण आता तिला एकदा खाली आणायचं आहे. केव्हा निघतोस ते या पत्रावर विचार करत न बसता कळव. फोनच कर. आता तिने उचलला तरी चालेल.