कुडाले टांगलेले कप

६ जानेवारी १९५९
आमची मास्तरीण बेबीताई म्हणते, रोज चार ओळी लिहा. लिहू काय? धूळ, आमच्या टपरीचा चहा, अन् परत धूळ! दुपारी तिच्या क्वार्टरात आम्ही आठ बाया शिकतो. माझ्या बाजूले शेवंता बसते. कारखान्याच्या नव्या भट्टीच्या बांधकामावर घमेले उचलते, पण अक्षर माझ्याहून साजरं. जळते मी!

९ जानेवारी
आज अमेरिकेची गोष्ट. राहणारे तिकडं, राज्य इंग्लंडच्या राजाचं. त्याईले न विचारताच चहावर कर बसवला! मग त्याईनं जहाजावरच्या पेट्याच समुद्रात फेकल्या. तो चहा पिणंच सोडलं.

मी तं उठूनच उभी झाली — "बरं केलं! मी असती तं राजाच्या डोक्यावर ओतला असता!" बाया हसल्या. शेवंता नाही हसली. तिनं विचारलं, "सगळ्याईनं मिळून सोडला?"

१२ जानेवारी
दोन दिवस झाले, शेवंताची मजुरांची टोळी टपरीवर चहाले येत नाही. बिमार पडले की काय सगळे?

१३ जानेवारी
शेवंताले विचारलं. डोक्यावरचं घमेलं न उतरवताच बोलली, "रंभाबाई, तुमच्या कुडाले टांगलेले कप पाहा."

आमच्या टपरीवर दीक्षावाल्याईचे, म्हणजे बाबासाहेबांमागं बौद्ध झालेल्या शेवंताच्या लोकाईचे, कप वेगळे. कुडाले टांगलेले. प्यायचा, आपणच धुवायचा, परत टांगायचा. गावाकडं बी तसंच होतं. मी काय नवीन केलं? लय राग आला. वर्गात दुसऱ्या टोकाले जाऊन बसली.

१६ जानेवारी
नवऱ्यापाशी कपाचा विषय काढला. मालक म्हणतात, "कप एक केले तं बाकीचं गिऱ्हाईक उठून जाईन. टपरी बसन." खरंच बसन. पण राजा बी असंच म्हणत असन काय?
अवो माय! राजा मीच झाली!

१९ जानेवारी
बेबीताईले विचारलं, पुढं काय झालं? आठ वर्षं लढले म्हणे, जिंकले. राजाले मान्य करा लागलं. "अन् मग?" — "मग त्याईच्या नव्या देशाचा वकील राजाच्या दरबारात गेला. बरोबरीनं भेटले." आठ वर्षं! मले तं आठ दिवस जड गेले. शेवंताच्या बाजूले बसल्याबिगर वर्गात करमत नाही.

२० जानेवारी
सगळे कप एकाच बादलीत विसळले, एकाच फळीवर मांडले. रोजचं गिऱ्हाईक देवराव अन् त्याच्यासंगचे दोघं उठून गेले — "टपरी बाटवली!" मालकाईनं गल्ला तीनदा मोजला. पण कुडाचे खिळे त्याईनंच उपटले!

२२ जानेवारी
टोळी आली! शेवंता नाही. टोळीतल्या रामाजीच्या हाती तिचा निरोप — "कप तुमचे, टपरी तुमची, मनात आलं म्हणून दिले. आमच्या घरचा चहा प्यान काय?"
झोंबलं. पण खरं आहे.

२५ जानेवारी
गेली शेवंताच्या झोपडीत. तिनं तिच्या कुडाले वेगळा टांगलेला कप उतरवला, मले त्यातच चहा दिला. प्याली. धुवाले उठली तं हातातून हिसकला — "ठेवा तो! आमच्याकडं पाहुण्याले कप धुवू देत नाही."