भुऱ्याला लांब नेऊन सोडू नका

मी नाहिद महेमूद शेख, वय अठरा, राहणार केदारखेडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. डोकं ठिकाणावर ठेवून हे मृत्युपत्र लिहून राह्यले. जबरदस्ती कोणाची न्हाई, लिही असंबी कोणी म्हणलं न्हाई. सोमवारी माझ्या हार्टचं ऑपरेशन हाय. डॉक्टर अब्बांला बाहेर नेऊन बोलले. बाहेर नेऊन काय बोलतेत ते मला कळतं. घरच्यांला तोंडावर हे सांगवत न्हाई, म्हणून कागदावर. शाळा आठवीत सुटली, चुका समजून घ्या.

शिलाई मशीन अम्मीला. पायडल मारलं की मला धाप लागायची, म्हणून पायडल अम्मीनंच मारलं, मी नुसतं कापड सरकवलं. ती तिचीच हाय.

मोबाईल माझ्या लहान बहिणीला, आयेशाला. काच फुटलीय, पण चालतो.

वर्गात माझ्या धापेची नक्कल करायची ती साधना. तिला काही न्हाई. माफीबी न्हाई.

आता भुऱ्या. भुऱ्या माझा कुत्रा. म्हातारा झाला, एक डोळा पांढरा पडलाय. आमच्यात कुत्रा घरात घेत न्हाईत, नमाज पढायची जागा असती. त्याची माझी तक्रार न्हाई. मीच बाहेर जाऊन त्याच्यापाशी बसते.

पण रविवारी जेवणं झाली की माझा मोठा भाऊ अतिकभाई टीव्हीला पेनड्राईव लावतो. घरात सगळ्यांला कुत्र्याचेच पिक्चर लागतेत. त्यातला कुत्रा पोराच्या पलंगावर झोपतो, हरवतो, डोंगर अन् बर्फ वलांडून घरी येतो. अम्मी ओढणीनं डोळे पुसती. टीव्हीतला कुत्रा भुंकला की बाहेरून भुऱ्या जवाब देतो. मंग अब्बा वरडतेत, "अरे, उसको चुप करो, आवाज नै आरा!"

मागच्या साली भुऱ्याच्या पोरीनं शेजारच्या कोंबड्या धरल्या. अतिकभाईनं तिला पोत्यात घातलं अन् टेम्पोतून जाफराबादच्या पुढं सोडून आला. मी रडले तर म्हणला, "पगली, आएगी ना वापस. पिक्चर में नै देखी क्या?" मस्करी नव्हती, त्याला खरंच वाटलं. लई दिवस दारात उभा राहून रस्ता बघायचा. ती आली न्हाई. पिक्चरातल्या कुत्र्याला रस्त्यावर ट्रक उडवत न्हाई, दुसऱ्या गावची कुत्री फाडत न्हाईत.

म्हणून लिहिते. मी गेल्यावर भुऱ्या दारात रडंल. तुम्हाला ऐकवणार न्हाई. तुम्ही वाईट न्हाईत, मला माहीत हाय. पण त्याला पोत्यात घालू नका. एका डोळ्यानं त्याला घराचा रस्ता सापडणार न्हाई.

कब्रस्तानातबी येऊ देऊ नका. पिक्चरात कुत्रा मालकाच्या कबरीवर बसून राहतो. आपल्या इथं लोक दगड मारतेत. त्या दिवशी शेजारच्या सगुणाकाकूच्या गोठ्यात बांधा. तिला विचारलंय. म्हणली, "एक दिवस बांधते गं माय. जन्माचं माझ्या गळ्यात घालू नको, मलाच कोण इचारतं!" बराबर हाय तिचं.

आत घ्या असं म्हणत न्हाई. दाराबाहेर पत्र्याखाली जागा, अन् सकाळी शिळी भाकर. मला तो इसरला तर बरंच.

भुऱ्या मी अतिकभाईच्या हवाली करते. सोडलेल्या कुत्रीची वाट दारात उभं राहून त्यानंच बघितली, दुसऱ्या कोणी न्हाई.

ठिकाण: केदारखेडा
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५
सही: नाहिद

साक्षीदार एक: सगुणाबाई, शेजारी. डाव्या हाताचा अंगठा. वाचून दाखवलं तवा पदर तोंडात धरून बसली होती.

साक्षीदार दोन: अतिक महेमूद शेख. सही न्हाई. त्यानं सगळं वाचलं, पेन हातात धरला, म्हणला, "तू आके खुद संभाल उसको. मैं नै करता." अन् उठून गेला. जागा मोकळी ठेवलीय. मी गेल्यावर कोणीतरी त्याची सही घ्या. तोवर भुऱ्या कोणाचाच न्हाई.