पिवळ्या फ्रॉकचे टाके

माई,

तुझा आत्ता कुठे डोळा लागलाय, म्हणून उठवलं नाही. मी दवाखान्यात जातोय. जावईबापूंना घरी पाठवतो, रात्रभर बसून त्यांची पाठ धरली असेल. भिंगरीची तिसरी केमो अकराला सुरू होईल. तू जेवून ये. नुसता चहा ढोसून येऊ नकोस.

येताना मशीनवरचा पिवळा फ्रॉक आण. परवापासून तोच मागतेय. दोन्ही बाजूंनी आत घेतलाय. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची मापं नजरेनं घेतली, पण या वेळी नातीला टेप लावली. दोनदा लावली. नजरेवर विश्वास बसेना.

तुझे फ्रॉक आठवतात? दरवर्षी शाळा सुरू होताना मी खालची दुमड उसवून लांबी वाढवायचो. मग खाली न विटलेल्या कापडाचा गडद पट्टा दिसायचा. "बाबा, सगळ्यांना कळतं जुना आहे ते," म्हणून तू दोन-दोन दिवस फुगून बसायचीस. मी म्हणायचो, पोर वाढतेय, कळू दे की लोकांना.

काल तू म्हणालीस, आत घेतलेलं कापड कापूनच टाका, तिला टोचेल. टोचणार नाही, वरून मऊ पट्टी लावलीय. पण कापायचं तेवढं ऐकलं नाही तुझं, रागावू नकोस. सगळं कापड आत तसंच आहे. टाकेही मुद्दाम मोठे घातलेत. पुढच्या वर्षी मलाच उसवायचेत, आणि बारीक टाका मला आता दिसत नाही.

बाबा